पदरचं पान

४ जून

प्रिय मास्तरीणबाई,

कादंबरीच्या दोन प्रती पाठवल्यात, मिळाल्या असतील. एक तुझी, एक आईची. आईला मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही हे मला ठाऊक आहे, पण तिच्या नावाची वेगळी प्रत नसली तर ती मला जन्मभर ऐकवेल. तेव्हा ठेव तिच्या उशाशी.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी फोन केला की आई शेजारीच बसलेली असते आणि तुझ्या 'हो', 'नाही', 'बरं'वरून सगळं ओळखते. तूही घरात बसून लिहू नकोस. मधल्या सुट्टीत लिही.

आता मुद्द्याचं. रोज संध्याकाळी तू तिला पुस्तक वाचून दाखवतेस, तसं हेही दाखवणार. तेराव्या प्रकरणात दरड कोसळते. नवरा डोंगराखालच्या दगडाच्या कारखान्यात कामाला. सगळ्या बायका तिकडे धावतात आणि त्याची बायको घरात शिलाईचं मशीन चालवत बसते. दारात तिची मुलगी उभी असते. बाई मागे वळून बघत नाही. ती बाई कोण आणि मुलगी कोण, हे तुला सांगायला नको. तुझा नवरा तेव्हा पाळण्यात होता, त्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

मी जे बघितलं तेच लिहिलं. पण रागाने लिहिलं. छापायच्या आधी आईला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. ती नको म्हणाली असती आणि मग मला ते लिहिता आलं नसतं, म्हणून विचारलंच नाही. पुस्तक हातात आल्यापासून मला धड झोप नाही. मैत्रिणी म्हणतात, आनंदाने. मी हो म्हणते.

ते पान आलं की तिच्या चेहऱ्याकडे बघ आणि खरं काय ते कळव. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी,
वन्सं
(तू चिडवतेस तशी)


२१ जून

ती. वन्संना,

तुमचं पत्र शिपायाने भर वर्गात आणून दिलं. पोरं म्हणाली, बाईंना कोणाचं तरी पत्र आलं, आणि पुढचा तास माझं फळ्यावर लक्ष नव्हतं.

आमच्या वाचनाची पद्धत तुम्हाला माहीत नाही, ती आधी सांगते. आम्ही कुठलंच पुस्तक जसंच्या तसं वाचत नाही. वर्णन आलं की आई हात हलवतात, म्हणजे गाळ. संकट आलं की मात्र उठून बसतात आणि विचारतात, "आता ही काय करते?" पुस्तकातल्या माणसाने जे केलं ते पटलं नाही तर मला बदलायला लावतात. मागे एका कादंबरीत पूर आला आणि नायिका छपरावर बसून गाणं म्हणायला लागली. आई म्हणाल्या, "गळा काढायला वेळ आहे, मेलीला पिठाचा डबा वर घेता येत नाही?" मग मी तिला डबा घ्यायला लावला. दुसऱ्या एकात भूकंपात घर गेलेला माणूस दारू प्यायला लागतो. त्यावर हुकूम झाला, "चार दिवस पिऊ दे, मग कामाला लाव." लावला. त्याचं पुढे बरं चाललं.

तुमच्या पुस्तकाच्या वेळी मात्र पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली. "हिच्या पुस्तकात तुझं पदरचं काही घालायचं नाही. काना-मात्रा हलवायची नाही. वर्णनसुद्धा वाच." वर्णनसुद्धा, वन्सं. बसा आता.

तेरावं प्रकरण परवा झालं. आईंनी शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाच काहीतरी विचारलं, मग "झोपते" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. बाकी काही नाही. तुम्ही मनात भलतंसलतं आणू नका.

डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. यांनी रजा टाकली आहे.

तुमची,
मास्तरीणबाई


३० जून

प्रिय मास्तरीणबाई,

"बाकी काही नाही" असं तू लिहिलंस तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आई ऐकून गप्प बसली? जी बाई छापलेल्या नायिकेला पिठाचा डबा उचलायला लावते, ती? तिने काय विचारलं ते तू लिहिलं नाहीस.

इकडे माझं काय चाललंय ते सांगते. एका परीक्षणात त्या पानाची फार वाहवा झाली आहे. संकटापुढे न डगमगता आपलं काम करत राहणारी ही आई म्हणजे धीराची मूर्ती, असं लिहिलंय. ऑफिसातल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा." मी मान डोलावली. मी धीर लिहिलाच नव्हता गं. मी लिहिलं होतं की या बाईला काही वाटत नाही. सात वर्षांची होते, दारात उभी होते, मशीन खडखडत होतं, आणि मला वाटलं होतं की हिचं आमच्यापैकी कोणावरच प्रेम नाही. ते मी इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि शेवटी तिला न विचारता चारचौघांत मांडलं. लोकांना त्यात धीर दिसला, हे माझं नशीब. पण आईला फसवता येणार नाही. तिला शब्दामागचं ऐकू येतं.

तिने काय विचारलं?

तुझी,
वन्सं


१६ जुलै

ती. वन्संना,

उत्तराला उशीर झाला. घरात घोळ झालाय.

आई ऑपरेशनला नाही म्हणतात. आधी वाटलं, घाबरल्या असतील. मी समजावलं, यांनी समजावलं, शेजारच्या काकांनी स्वतःचे दोन्ही डोळे उघडझाप करून दाखवले. आईंचं एकच, "नको. बघायचं काय राहिलंय?" तारीख टळली. डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले की मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर आत दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर येणार नाही. हे घरी येऊन पायरीवरच बसले, आत यायलाच तयार नाहीत.

वाचनही बंद आहे. तुमचं पुस्तक आईंनी उशाखालून काढून कपाटात ठेवायला सांगितलं. जेवतात, दोन शब्द बोलतात, पण हात हलवून "गाळ" म्हणत नाहीत. मला ते "गाळ" ऐकायची इतकी सवय झाली होती की आता घर खायला उठतं.

तुम्हाला बोलावू का म्हटलं, तर म्हणाल्या, "तिला येऊ नको म्हणावं. तिच्यासमोर मला बसवणार नाही."

वन्सं, हे सगळं त्या प्रकरणापासून सुरू झालंय. मला काय लिहावं ते सुचत नाही.

तुमची,
मास्तरीणबाई


२२ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

म्हणजे मीच केलं. आईचे डोळे मी घालवले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी निघायचं म्हणून पिशवी भरली, मग ती ओळ परत वाचली, 'तिला येऊ नको म्हणावं', आणि पिशवी रिकामी केली. कुठल्या तोंडाने येऊ?

ऐक. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. प्रकाशकांनी दुरुस्त्या मागितल्या आहेत, पंधरा दिवसांत द्यायच्या आहेत. मी ते पान काढून टाकतेय. तिथे लिहीन की बाई सगळ्यांच्या पुढे धावली. परीक्षणं लिहिणारे बोंब मारतील, मारू देत. आईला सांग, तुझ्या मुलीची चूक झाली, पुढच्या छपाईत ते असणार नाही. आहे त्या प्रतीतलं पान तू फाडून टाक. तिच्या देखत फाड, म्हणजे तिला आवाज तरी ऐकू येईल.

मी विमा कंपनीत काम करते. लोकांच्या अर्जावर रोज शिक्का मारते, 'आपत्ती अर्जदाराच्या नियंत्रणाबाहेरची'. दरड तशी होती. ही आपत्ती तशी नाही. ही मी टेबलाशी बसून, चहा पीत, तीनदा नीट करून लिहिली.

आईला सांग. आजच सांग.

तुझी,
वन्सं


२९ जुलै

ती. वन्संना,

ते पान बदलू नका. आधी हे वाचा, आणि मग मला काय बोलायचं ते बोला.

तुमचं पान मी आईंना वाचून दाखवलंच नाही.

दुपारी शाळेत मी ते आधी एकटीने वाचलं होतं. मुलगी दारात उभी आणि बाई मागे वळत नाही, तिथे मी पुस्तक मिटलं. म्हटलं, म्हाताऱ्या जिवाला हे कसं ऐकवू? आणि संध्याकाळी त्या ओळीशी आले तेव्हा माझ्या जिभेने सवयीने जे केलं ते केलं. इतकी वर्षं पुरातल्या नायिकांना डबे उचलायला लावतेय मी. मी बाईला मशीनवरून उठवलं. ती धावत गेली असं वाचलं. लोक कारखान्याच्या दाराशी खणत होते, ती ओरडली, "इथे नाही, मागच्या खिडकीपाशी खणा, ते तिथे बसतात." लोकांनी तिथे खणलं. नवरा जिवंत निघाला, तिच्या हातचं दोन घोट पाणी प्यायला आणि गेला. त्याला वाचवायचा मोह झाला होता, पण पुढच्या प्रकरणात ती एकटी आहे, मग मला निस्तरता आलं नसतं.

ते खिडकीचं माझ्या डोक्यात कुठून आलं तेही सांगते. एकदा मी सुईत दोरा ओवून देताना आई सहज म्हणाल्या होत्या की बाबा पाट्यांवर अक्षरं कोरायचे, त्यांना उजेड लागायचा, म्हणून सगळ्यांपासून लांब मागच्या खिडकीशी बसायचे. मला वाटलं, हा आपला खरा तपशील, घालावा. शोभून दिसेल.

आईंनी मध्ये विचारलं ते हेच. "खिडकीचं तिने लिहिलंय?" मी हो म्हटलं. भरल्या आवाजात म्हटलं, वर.

तुमचं पत्र आल्यावर मी त्यांना सांगायला गेले की वन्सं ते पान काढतायत. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "काढू नको म्हणावं. खरं तेच लिहिलंय तिने. खिडकी मला एकटीलाच माहीत होती. कारखान्यातली सगळी माणसं दरडीखालीच होती, सांगणार कोण? लोकांनी दाराशी खणलं, तिथले काही निघाले. हे दुसऱ्या दिवशी सापडले. मी जाऊन नुसतं बोट दाखवायचं होतं. मला उठवलंच नाही. वाटत होतं, जोवर मी जाऊन बघत नाही तोवर ते कामावरच आहेत. हे मी कोणाला बोलले नाही. पण पोरीला कळलं होतं. आता पुस्तकात लिहून सांगितलं तिने, आई, तू असं करायला हवं होतंस. मग डोळे कशाला हवेत मला, तिच्या तोंडाकडे बघायला?"

मी त्यांच्यासमोरच बसले होते. सांगितलं नाही, वन्सं. अजूनही सांगितलेलं नाही. मी रोज पोरांना खरं बोला म्हणून शिकवते.

मास्तरीणबाई


३ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

तुझं पत्र वाचून मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत म्हणत होते. मग थकले, आणि लक्षात आलं की दुसऱ्या आवृत्तीसाठी मी जे पान लिहून तयार ठेवलं होतं त्यात बाई धावतच होती. तू जे बोललीस तेच मी छापणार होते. तुझ्या-माझ्यात फरक एवढाच की तू ते मायेने केलंस. मी अंगावरचं झटकायला.

खिडकीचं मला माहीत नव्हतं. बाबा कुठे बसायचे हे मी कधी विचारलंच नाही. एवढी जाडजूड कादंबरी लिहिली, आणि तिला एकदाही विचारलं नाही की आई, त्या दिवशी तुला काय झालं होतं?

दुरुस्त्या थांबवल्या आहेत. आता तू एक कर. खालचं आईला वाचून दाखव, आणि मग तेरावं प्रकरण छापलंय तसं वाच. रडू आलं तर थांब, डोळे पूस, पण शब्द बदलू नकोस.

आई, तू जे ऐकलंस ते मी लिहिलेलं नाही. तुझ्या सुनेला तुला दुखवायचं नव्हतं म्हणून तिने ते पदरचं वाचलं. खिडकीचं मला आत्ता कळलं. तू धावायला हवं होतंस असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मी जे लिहिलंय ते आता ऐक. तेही तुला लागेल. मी रागाने लिहिलंय आणि तुला न विचारता लिहिलंय. त्यात काय चुकलं ते मला सांग. तू सांगशील तसं करीन, आणि काही सांगायचं नसेल तर तेही चालेल. फक्त माझ्यावरच्या रागाने डोळे घालवू नकोस.


१२ ऑगस्ट

ती. वन्संना,

वाचलं. सगळं, जसंच्या तसं.

आधी तुमची चिठ्ठी वाचली. आई माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना माझा चेहरा धूसर दिसतो, तरी मला मान वर करवेना. "म्हणजे खिडकी तू घातलीस?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "आणि पाणी?" मी म्हटलं, तेही. मग म्हणाल्या, "पाणी चांगलं होतं." वन्सं, त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग प्रकरण वाचलं. बाई मशीन चालवते, बाहेर आरडाओरडा चाललाय, तिचा हात चाकावर, पाय खाली, टाके सरळ पडतायत, एकही चुकत नाही. तिथे आईंनी मला थांबवलं. म्हटलं, झालं.

त्या म्हणाल्या, "टाके नव्हते."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "दोरा कधीच तुटला होता. मला पत्ता नाही. संध्याकाळी कापड हातात घेतलं तर नुसती भोकं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवीन कापड होतं कोणाचं तरी, भरून द्यावं लागलं. पोर दारात होती, तिला लांबून काय दिसणार? तिला वाटलं, आई शिवतेय."

मी पुस्तक मिटायला लागले तर म्हणाल्या, "पुरं कर." शेवटपर्यंत वाचलं. शेवटची ओळ परत वाचायला लावली, ती, मशीन थांबेपर्यंत मुलगी दारातून हलली नाही, ही. मग आणखी एकदा. त्यात काय चुकलंय का, मी विचारलं. "नाही, बरोबर असेल," म्हणाल्या आणि जेवायला उठल्या. त्या ओळीवर राग धरला असेल असं मला वाटतं, पण आता मी माझ्या वाटण्यावर काही लिहिणार नाही.

ऑपरेशनला हो म्हणाल्या. हे ऐकून मी त्यांचे पाय धरले, तर म्हणाल्या, "हो बाजूला. ते पान मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तुझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?" डॉक्टरांनी लगेचची तारीख दिली आहे. उशीर झालाय, एका डोळ्याचं सांगता येत नाही म्हणाले. त्या एका डोळ्याचं काय होईल ते माझ्या माथी, हे मला माहीत आहे. तुम्ही उगाच वाटून घेऊ नका.

तुमची,
मास्तरीणबाई


२० सप्टेंबर

चि. मोठीस,

हे मी स्वतः लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. डाव्या डोळ्याने नीट दिसतं, उजव्याने नुसता उजेड. सून उजव्या बाजूला आली की रडते, म्हणून तिला डाव्या बाजूला बसायला सांगितलंय. तिला काही बोलू नकोस. तिने मला अशी बाई करून दाखवली जी मला व्हायचं होतं. ते ऐकणं सोपं नव्हतं, पण तिला काय माहीत.

ते पान वाचलं. चांगलं लिहिलंयस. दोऱ्याचं घालायचं तर घाल, नको तर राहू दे. लोक धीर म्हणतात तर म्हणू देत, त्यांचं काय जातंय. तुझा राग मला दिसला. तो काढू नकोस.

मी गेले असते तर ते वाचले असते का, हे मला कधी कळणार नाही. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की एका क्षणात गेले असतील, पण डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात. ते माझं माझ्यापाशी राहू दे. त्यात तू पडू नकोस.

मी लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी. इतकी वर्षं मी समजून चालले होते की तू त्या दिवशी शेजारणीकडे होतीस. ती बाई तुम्हा पोरांना सांभाळायची, म्हणून मी तसं धरून चालले. तू दारात होतीस हे मला तुझ्या पुस्तकातून कळलं. तू लिहिलंयस की मशीन थांबेपर्यंत मुलगी हलली नाही. मशीन फार वेळ चाललं होतं गं.

डोंगराचं माझ्या हातात काही नव्हतं. कारखान्यापर्यंत जायला माझे पाय उचलले नाहीत. पण तुझ्यासाठी मला कुठे जायचं नव्हतं. नुसतं मागे वळायचं होतं.

आई